वाचकांचे प्रश्न : नदीकाठची वाट कुठून न्यायची?

यावेळी नदीकाठच्या बागेतल्या वॉकवेबद्दल इतके प्रश्न आलेत की बाकी सगळे विषय पुढच्या अंकात ढकलतेय. टाइल्स कुठल्या, दिवे कसले, रेलिंग कसलं हे बहुतेकांनी विचारलंय पण वाट जाते कुठून हे फार थोड्यांनी विचारलंय, आणि माझ्या मते तोच मुद्दा सगळ्यात मोठा आहे, म्हणून त्याच प्रश्नाने सुरुवात करते.

प्रश्न : आमच्याकडे नदीकाठी पब्लिक पार्क होणार आहे. नागरिकांच्या मीटिंगमध्ये नकाशा दाखवला, त्यात पाण्याला अगदी चिकटून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ वॉकवे आहे. चित्रात सुंदर दिसतं, पण मनात शंका येते. असं करावं का?

तुमची शंका रास्त आहे. पुढच्या मीटिंगला पहिला प्रश्न हाच विचारा की पाणी कुठपर्यंत येतं. दरवर्षी कुठपर्यंत, आणि मोठ्या पुरात कुठपर्यंत.

नकाशावर नदी म्हणजे दोन रेघांमधली निळी पट्टी असते, खरी नदी उन्हाळ्यात आक्रसते, पावसात पसरते आणि मोठा पूर आला की ती अख्खी बाग नदीचीच असते. इंजिनियर लोक २५ वर्षांचा पूर, १०० वर्षांचा पूर असं बोलतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं एकदा येऊन गेला की शंभर वर्षं निवांत. तसं अजिबात नाहीये. १०० वर्षांचा पूर म्हणजे कुठल्याही एका वर्षात तेवढा पूर यायची शक्यता १ टक्का, आणि मग ३० वर्षांत तो निदान एकदा यायची शक्यता साधारण २६ टक्के होते. २५ वर्षांच्या पुराची दरवर्षीची शक्यता ४ टक्के, म्हणजे १० वर्षांत एकदा तरी यायची शक्यता जवळपास एक तृतीयांश. वॉकवे काय १० वर्षांसाठी बांधत नाही आपण, त्यामुळे पाण्याला चिकटून वाट करायची तर ती बुडणार हे धरूनच करायची.

आता दुसरी गोष्ट, वळणं. नदी वळते तिथे बाहेरच्या अंगाला पाणी जोरात आपटतं आणि काठ खातं, आतल्या अंगाला वेग कमी पडतो म्हणून तिथे गाळ आणि वाळू साचते. नकाशावर सरळ रेघ ओढली की ती बाहेरच्या वळणाशी येऊन नेमकी काठाला चिकटते, म्हणजे जिथे लांब राहायला हवं तिथेच जवळ. मग काठ वाचवायला भिंत येते, भिंत आली की पाण्याचा जोर भिंतीच्या टोकापाशी जाऊन पुढचा काठ खायला लागतो, मग तिथे पण भिंत. आणि वाटेला जागा पाहिजे म्हणून पात्रात भराव टाकून भिंत पुढे सरकवली तर पात्र अरुंद होतं, पूर तेवढाच असला तरी पातळी वर चढते, आणि ते पाणी प्रवाहाच्या वरच्या अंगाला किंवा पलीकडच्या काठाला कुणाच्या तरी घरात शिरतं. आपल्या मॉर्निंग वॉकसाठी कुणाच्या घरात पाणी जाता कामा नये, यावर मी कधीच तडजोड करायला तयार नसते, तुम्हीही होऊ नका.

मग करायचं काय? वाट दोन पातळ्यांवर करायची. मुख्य वाट वरच्या अंगाला, जी बाराही महिने चालू राहील, आणि तिच्यातून मोजक्या ठिकाणी खाली पाण्यापर्यंत जाणाऱ्या छोट्या वाटा, त्या आतल्या वळणाला जिथे काठ आपसूकच उतरता असतो तिथे. माणसाला पाणी सतत शेजारी लागत नाही हो, मधेच झाडांमधून दिसलं, मग लपलं, मग एकदम समोर आलं, यात चालायला जास्त मजा येते. सिंगापूरच्या बिशान-आंग मो किओ पार्कमध्ये कलांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीटचा कालवा काढून २०१२ पर्यंत ३.२ किलोमीटरची नागमोडी नदी केली गेली. पाणी वाढलं की बागेचा सखल भाग नदी वापरते, उतरलं की माणसं वापरतात, आणि पातळी वाढायला लागली की सेन्सर, दिवे आणि भोंगे लोकांना वर जायला सांगतात. सोलमध्ये चोंगग्येचॉन ओढ्यावरचा उन्नत हायवे पाडून २००५ मध्ये ५.८ किलोमीटरचा पट्टा लोकांना खुला केला, तिथे पण जोराचा पाऊस आला की खालची वाट बंद करून सगळ्यांना बाहेर काढतात. म्हणजे बुडणारी वाट चालते, पण तिच्यावरून पटकन वर यायला ठिकठिकाणी रस्ता हवा, एकदा खाली उतरलं की अर्धा किलोमीटर बाहेर पडताच येत नाही असं चालणार नाही.

खालच्या वाटेवर तरंगू शकेल असं काहीही नको. बाक दगडाचे किंवा काँक्रीटचे, खाली नीट अँकर केलेले. विजेचे बोर्ड पुराच्या पातळीच्या वर. आणि एक गोष्ट जी ड्रॉइंगमध्ये जवळपास कधीच नसते ती म्हणजे गाळ काढायची सोय. पूर ओसरतो तेव्हा वाटेवर चिकट गाळाचा थर राहतो, ओला असताना तो फावड्याने ओढून वर पाइपने पाणी मारलं की निघतो, पण दोन-चार दिवस कडक ऊन पडलं की त्याला भेगा पडतात, पोपडे कडेला चिकटून बसतात आणि मग कुदळ लागते, कुदळ मारली की खालचा कोबा पण निघतो. म्हणून तिथपर्यंत छोटी गाडी उतरेल असा उतार आणि जवळ पाण्याचा नळ आधीच धरून ठेवा.

पाण्याची पातळी शोधायला सरकारी आकडे मागाच, पण स्वतः पण जाऊन बघा. झाडांच्या फांद्यांत अडकलेल्या चिंध्या आणि प्लास्टिक, पुलाच्या खांबांवरचे डाग, आणि काठावर राहणारी म्हातारी माणसं, या तिघांकडून पुष्कळ कळतं.

प्रश्न : जागेवर लोकांनी चालून चालून पायवाटा पडल्यात. त्या मोडून नवीन वाट करणार म्हणतात. त्या ठेवाव्यात का?

मोडायच्या आधी मोजून नकाशावर घ्या. लोक जिथून रोज जातात तिथे त्यांना कुठेतरी पोचायचं असतं, बसस्टॉप, शाळा, पूल, आणि नवीन वाट सुंदर वळणं घेत दुसरीकडून गेली तर आठ दिवसांत हिरवळीवर परत तीच पायवाट पडते. सगळ्याच ठेवायच्या असं नाही, एखादी कोसळणाऱ्या काठावरून किंवा पक्ष्यांच्या घरट्यांच्या झुडपातून जात असेल तर ती बंद करावी, पण मग जवळूनच तेवढाच सोयीचा रस्ता द्यायचा. नुसतं काटेरी कुंपण घालून भागत नाही.

प्रश्न : माझी आई व्हीलचेअरवर आहे. नदीकाठी बाग झाली तरी तिला खाली पाण्यापर्यंत कधी जाता येत नाही, कारण उतरायला पायऱ्या असतात, आणि एका ठिकाणी रॅम्प होता तो इतका उभा की चेअर धरून ठेवताना माझेच हात भरून आले. डिझाइनमध्ये नेमकं काय मागायचं?

ताई, तुम्ही हे विचारलंत म्हणून मनापासून आभार, कारण मीटिंगमध्ये हा विषय शेवटच्या पाच मिनिटांत उरकला जातो.

आकडे असे लक्षात ठेवा. २० मीटर चालल्यावर १ मीटर चढ किंवा उतार, इथपर्यंत ती साधी वाट, व्हीलचेअर बहुतेकांना झेपते. त्याच्यापेक्षा उभं झालं की तो रॅम्प, त्याला दोन्ही बाजूंना कठडा लागतो, आणि रॅम्प १२ मीटरला १ मीटरपेक्षा उभा नकोच. त्यात पण साधारण ९ मीटर झाले की दम खायला दीड मीटरचा सपाट टप्पा. समजा वरची वाट आणि पाण्याजवळची जागा यात ३ मीटरचा फरक आहे. १२ ला १ ने रॅम्प केला तर ३६ मीटर आणि वर मधले टप्पे, म्हणजे ४० मीटरच्या आसपास, कठड्यांमधून गोल गोल फिरणारा. तेच २० ला १ ने केलं तर ६० मीटर लागतात, पण ते ६० मीटर उतारावरून तिरपे, झाडांमधून नेले तर रॅम्प असा वेगळा उरतच नाही, सगळेच तिथून जातात, बाबागाडीवाले, गुडघे दुखणारे, हातात हात घालून चालणारे. माझा आग्रह कायम याच दुसऱ्या पर्यायाचा असतो, मधे मधे सपाट जागा आणि बाक ठेवून. पायऱ्या जवळच असू द्यात, पण आईने एका बाजूने आणि बाकी घराने दुसऱ्या बाजूने जायचं हे बरोबर नाही.

अजून दोन गोष्टी तपासा ज्या चित्रात दिसत नाहीत. एक म्हणजे आडवा उतार. पाणी वाहून जावं म्हणून वाट एका बाजूला किंचित झुकवतात, ते हवंच, पण ५० ला १ पेक्षा जास्त नको, म्हणजे ३ मीटर रुंद वाटेवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फार तर ६ सेंटीमीटर. त्याहून जास्त झालं की व्हीलचेअर सारखी नदीच्या बाजूला ओढली जाते, आणि चालवणाऱ्याला पूर्ण वाटभर एकाच हाताने जास्त जोर लावावा लागतो. दुसरं म्हणजे गटाराच्या जाळ्या. चेअरची पुढची चाकं लहान असतात, जाळीच्या फटी चालायच्या दिशेने लांब असल्या की चाक फटीत उतरतं, चेअर जागच्या जागी थांबते आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. फटी चालण्याच्या दिशेला आडव्याच हव्यात आणि १२ मिलिमीटरच्या आतच. जाळी बसवून झाल्यावर ती फिरवून घ्यायला कुणी तयार होत नाही, त्यामुळे हे ड्रॉइंगवरच लिहून घ्या.

प्रश्न : वाट २ मीटर रुंद धरलीय. पुरेल का? सायकलींना पण परवानगी देणार आहेत म्हणे.

दोन व्हीलचेअर समोरासमोरून जायला १.८ मीटर लागतात, म्हणजे २ मीटर हे बाजूच्या छोट्या वाटेला ठीक आहे. मुख्य वाटेवर लोक जोडीने गप्पा मारत चालतात, समोरून दुसरी जोडी आली की कुणीतरी मागे सरकायचं किंवा मातीत उतरायचं, म्हणून तिथे ३ मीटर तरी मागा. ३ मीटरवरून झाडं छाटणाऱ्यांची आणि कचऱ्याची गाडी पण जाते.

सायकल मात्र वेगळी काढा. चालणारा माणूस ताशी ५ किलोमीटरने जातो आणि सायकल सहज १५-२० ने, आणि बागेत चालणारा रस्त्यावरच्यासारखा सावध नसतो, लहान मूल तर सरळ रेषेत चालतच नाही. जमिनीवर पट्टा रंगवून दोघांना वेगळं केलं असं म्हणतात पण गर्दीत तो पट्टा कुणाला दिसत नाही. मधे झाडांची रांग किंवा पातळीत फरक हवा. जागाच नसेल तर सायकल बागेच्या बाहेरच्या रस्त्याच्या कडेने न्यावी.

बाक वाटेच्या रुंदीत नकोत, निदान ६० सेंटीमीटर मागे हवेत म्हणजे बसलेल्याचे पाय वाटेत येत नाहीत, आणि शेजारी ९० सेंटीमीटरची सपाट जागा मोकळी ठेवा, व्हीलचेअरवालं माणूस आपल्या माणसाच्या बाजूला बसू शकेल. पाठ आणि हात असलेलेच बाक घ्या, वयस्कर माणूस हाताला जोर देऊन उठतो.

प्रश्न : पेव्हर ब्लॉक, काँक्रीट, लाकडी डेक, की नुसती खडी? कॉन्ट्रॅक्टर पॉलिश ग्रॅनाइट पण सुचवतोय.

ग्रॅनाइट पॉलिशचं असेल तर नाहीच. ओलं झालं की पाय सरकतो, आणि नदीकाठी ते कायमच ओलं होणार.

बाकी कुठे काय हे पाणी ठरवतं. जिथे पूर येतो तिथे जागेवर ओतलेलं काँक्रीट, वरून झाडू ओढून खरखरीत केलेलं, आणि कडा जमिनीत खोल नेलेल्या, कारण वाहतं पाणी वाटेला वरून काही करत नाही, ते कडेखालची माती काढून नेतं आणि मग स्लॅब अधांतरी राहून तुटतो. पेव्हर ब्लॉक पूररेषेच्या वर चांगले, खाली काही काम निघालं तर काढून परत बसवता येतात, पण ते वाळूच्या थरावर बसलेले असतात त्यामुळे जोराच्या पाण्यात वाळू धुपली की ब्लॉक खालीवर होतात, आणि कडेला पक्की कर्ब नसेल तर पूर नसतानाही पसरत जातात. पाणी झिरपू देणारं काँक्रीट हल्ली सगळीकडे सुचवतात, चांगली गोष्ट आहे, फक्त गाळ येणाऱ्या जागी नको, तिथे त्याची छिद्रं बुजतात आणि ते साध्या काँक्रीटसारखंच होऊन बसतं. दाबून बसवलेली बारीक खडी वरच्या सावलीतल्या वाटांना छान, पायाला मऊ लागते, पण उतारावर पावसात वाहून जाते.

लाकडी डेक मला स्वतःला फार आवडतो, दलदलीच्या जागेवरून जायचं असेल तर त्याला तोड नाही, खालून पाणी आणि जीवजंतू मोकळे फिरतात. पण सावलीत त्याच्यावर शेवाळ चढतं. फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या, वर खाचा पाडलेल्या, आणि वर्षातून निदान एकदा घासायची जबाबदारी कुणाची ते आधी ठरलेलं. ते ठरत नसेल तर डेक करू नका.

शेवटी काहीही निवडलं तरी मीटरभर नमुना करून घ्या, त्यावर बादलीभर पाणी ओता आणि रोजच्या चपलेने चालून बघा.

प्रश्न : वाटेच्या लाइनवर काही जुनी मोठी झाडं आहेत. झाडं तोडणार नाही, बुंध्याभोवती कर्ब करून ठेवू असं सांगितलंय. चालेल ना?

तेवढ्याने झाड वाचत नाही. बुंधा म्हणजे अख्खं झाड नव्हे, बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या ६० सेंटीमीटरमध्ये असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. वाटेच्या बेससाठी ३०-४० सेंटीमीटर खोदलं की तीच तुटतात. झाड लगेच मरत नाही, म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही. काही वर्षांत शेंडा वाळायला लागतो, किंवा एका बाजूची मुळं गेलेली असतात आणि भिजलेल्या काठावर वादळात ते त्याच वाटेवर आडवं होतं.

साधा हिशोब असा, छातीच्या उंचीला बुंध्याचा व्यास मोजा आणि त्याला १२ ने गुणा, तेवढ्या त्रिज्येत खोदकाम नाही, मटेरियलचा ढीग नाही, जेसीबी उभा करायचा नाही. बुंधा ५० सेंटीमीटरचा असेल तर ६ मीटर. वाट तिथून वळवा, नदीकाठच्या वाटेला वळणं शोभतातच. वळवायला खरंच जागा नसेल तर न खोदता जमिनीवरच जिओसेलचा, म्हणजे पोळ्यासारखे कप्पे असलेल्या प्लास्टिकच्या जाळीचा, थर अंथरून त्यात मोठी खडी भरतात आणि वरून वाट करतात, हवा-पाणी खाली जात राहतं. त्याने वाट थोडी उंच होते, म्हणून दोन्हीकडे उतार सावकाश घ्यावा लागतो. बुंध्याला चिकटून माती किंवा खडी चढवायची नाही, ती जागा मोकळी राहू द्या.

प्रश्न : लहान मुलं येणार, म्हणून पूर्ण काठाला रेलिंग हवंच असं काही पालक म्हणतात. तुमचं मत?

पालकांची काळजी मला पटते, पण पूर्ण काठाला नको. जिथे भिंतीसारखा सरळ तुटलेला काठ आहे तिथे नक्की हवं, १.१ मीटर उंच, उभ्या सळ्यांचं म्हणजे मुलांना चढायला पायरी मिळत नाही, आणि दोन सळ्यांत १०० मिलिमीटरपेक्षा कमी अंतर. जिथे काठ हळूहळू उतरतो आणि वाट आणि पाणी यांच्यात काही मीटर दाट गवत-झुडपं आहेत तिथे ती झाडीच आडोसा होते. अंध व्यक्तीच्या काठीला लागेल अशी थोडी उंच कड मात्र सगळीकडे द्या, व्हीलचेअरचं चाक पण तिथेच अडतं.

पुराच्या पट्ट्यात लांबच लांब रेलिंग हे स्वतःच संकट होतं. पाण्याबरोबर येणारे ओंडके, गवत, प्लास्टिक सळ्यांमध्ये अडकतं, त्याची भिंत तयार होते, पाणी तिला ढकलतं आणि मग रेलिंग पायासकट वाटेचा तुकडा घेऊन उखडतं. तिथे काढून ठेवता येईल किंवा आडवं पाडता येईल असं रेलिंग लावतात, आणि ते पाडायचं कुणी, कुठल्या पातळीला, हे कागदावर ठरवलेलं असतं.

प्रश्न : मी संध्याकाळी ऑफिसनंतर एकटीच चालते. बागेत जास्त प्रखर दिवे लावा असं पत्र देणार आहे. बरोबर मागणी आहे ना?

मागणी थोडी बदलून द्या. प्रखर दिव्याखाली उजेड आणि दोन दिव्यांच्या मधे काळोख असला की डोळे दिपतात आणि अंधारातला माणूस अजिबात दिसत नाही. एकसारखा उजेड मागा, समोरून येणाऱ्याचा चेहरा लांबून ओळखू येईल इतका, खांब ३-४ मीटरचे आणि प्रकाश फक्त खाली पडणारा. रंग पिवळसर, २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप). पांढऱ्या-निळसर उजेडाने किडे जास्त ओढले जातात, वटवाघळं आणि मासे यांचं रात्रीचं चक्र बिघडतं, म्हणून पाण्यावर उजेड पडूच नये. खालची पाण्याजवळची वाट अंधार पडल्यावर बंद ठेवलेली बरी, वरची मुख्य वाट नीट उजळलेली.

पण दिव्यांपेक्षाही नजर किती लांब जाते हे महत्त्वाचं आहे. वाटेलगतची झुडपं गुडघ्याच्या थोडी वर, ६०-७० सेंटीमीटरपर्यंतच, आणि झाडांच्या फांद्या २.२ मीटरच्या वर छाटलेल्या, म्हणजे मधला पट्टा मोकळा राहतो. पत्रात हेही लिहा की वाट कुठेही बंद टोकाला संपू नये, आणि बाहेरच्या रस्त्याला निघणारी दारं जवळ जवळ हवीत आणि तुम्ही चालता त्या वेळी उघडी हवीत.

प्रश्न : फंड निम्माच मंजूर झालाय. पूर्ण लांबी साध्या पद्धतीने करावी की अर्धीच नीट?

अर्धीच, पण नीट, आणि अशी अर्धी की जिच्या दोन्ही टोकांना दारं आहेत आणि लोक आत्ताही तिथून ये-जा करतात. बेस, पाण्याचा निचरा आणि उतार यात कुठेही काटकसर नको, बाक आणि शोभेचे दिवे नंतर येऊ शकतात. पाण्याजवळच्या खालच्या वाटा या टप्प्यात घेऊच नका. एक पावसाळा जाऊ द्या, पाणी कुठे थांबतं, गाळ कुठे बसतो, काठ कुठे खचतो ते खुंट्या ठोकून जागेवर मार्क करा, फोटो काढून ठेवा आणि पुढच्या फंडाच्या अर्जाला तेच जोडा.